तापवलं की तेल जास्त सुटतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ थांबले होते. त्यांचा मुलगा कार्बन डायऑक्साइड वापरून जवसाचं तेल काढायचं यंत्र घेतोय, घरची जमापुंजी त्यात घालतोय. यंत्र विकणारा म्हणाला, तापमान वाढवा, उतारा वाढेल. खरं का हे? आता मी तत्त्वज्ञानाचा माणूस, रसायनाचा नव्हे. पण प्रश्न कार्यकारणाचा आहे, म्हणून आज तोच घेतो.

दाराशी आग विझवायचा सिलिंडर बघा. त्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो, एरवी द्रवरूपात. बेलापुरात मे महिन्याच्या दुपारी मात्र आत धड द्रवही नसतो आणि धड वायूही नसतो. ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार, या दोन्हींच्या वर गेलं की द्रव-वायू हा भेदच मिटतो. थॉमस अँड्र्यूजने १८६९ साली हे नीट मांडलं. या अवस्थेला सुपरक्रिटिकल म्हणतात. वायूसारखं ते दळलेल्या बियांच्या बारीक भेगांत शिरतं आणि द्रवासारखं तेल विरघळवतं. मग दाब उतरवला की वायू निघून जातो, तेल खाली राहतं. हेक्झेनचा अंशही नाही.

आता तापमानाकडे येऊ. उष्णता इथे एकाच वेळी दोन कामं करते, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एक, कार्बन डायऑक्साइड फुगतो, विरळ होतो. आणि विरळ झाला की त्याची विरघळवण्याची ताकद घटते. दोन, तेलाचे रेणू सुटून जायला जास्त उत्सुक होतात, म्हणजे तेलाचा बाष्पदाब वाढतो. जिंकतं कोण?

आकडे सांगतो. १०० बार दाबाला ४० अंशांवर घनता साधारण ६३० किलो प्रति घनमीटर असते. तापमान ६० केलं की ती २९० वर येते. निम्म्याहून कमी! ३०० बारला तेच करा: ९१० वरून ८३०. दहावा हिस्साही गेला नाही. म्हणजे कमी दाबाला तापवणं नुकसानीचं, कारण घनताच कोसळते. दाब खूप असेल तर घनता फारशी हलत नाही आणि बाष्पदाबाची बाजू वरचढ ठरते. तिथे तापवलं की तेल जास्त विरघळतं. या दोहोंच्या मध्ये एक दाब असा येतो की तिथे तापमानाचा विरघळण्यावर जवळजवळ परिणामच दिसत नाही. त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. बी बदललं, तेल बदललं की तोही सरकतो.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी नेमका शब्द आहे: उपाधी. 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खोटं, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ते सरपण म्हणजे उपाधी. 'तापवलं की तेल वाढतं' या विधानाची उपाधी म्हणजे दाब. तो न सांगता बोललेलं वाक्य अर्धवट आहे, खोटं म्हणण्याइतकंही पूर्ण नाही. (हसू नका, परीक्षेत यावर गुण जातात.)

खाडीपलीकडे पवईला, आयआयटी मुंबईत, ममता मुखोपाध्याय यांनी या क्षेत्रात काम केलं. कार्बन डायऑक्साइडने नैसर्गिक अर्क काढण्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक २००० साली आलं. ज्यांना खोलात जायचंय त्यांनी ते मिळवावं.

आणखी एक गुंता आहे. सुरुवातीला फुटलेल्या पेशींतलं, वरवरचं तेल येतं. तेव्हा वेग विद्राव्यतेवर ठरतो. ते संपलं की दाण्याच्या आतलं तेल झिरपत बाहेर येतं. इथे उष्णता मदत करते, कारण झिरपणं जलद होतं. म्हणून एकच तापमान सुरुवातीला अडसर आणि शेवटी सोय ठरू शकतं. दाणा जाड दळलेला असेल तर हे जास्तच जाणवतं.

त्या गृहस्थांना मी म्हटलं, विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: तो उतारा कोणत्या दाबाला मोजला, बी किती बारीक दळलं होतं, आणि किती तास चालवलं. शिवाय जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं, ते उष्णतेने आणि हवेने लवकर खवट होतं. कार्बन डायऑक्साइडमध्ये असेपर्यंत हवा दूर असते, पण बाहेर आल्यावर नाही. तेव्हा तेल बाहेर आल्यावर किती वेळ गरम राहतं आणि कशात भरलं जातं, हेही विचारून ठेवा. चला, आता तुमचे प्रश्न.