लॅपटॉप तापतो, पण मांडी का शेकायची?

गेल्या मे महिन्यात जळगावच्या एका वस्तीत एका ताईंनी आम्हाला लेकीची मांडी दाखवली. जाळीसारखे तपकिरी डाग. खाज नाही, दुखणं नाही. कुणी नायटा म्हणालं, कुणी बाहेरचं. मलमाच्या दोन ट्यूब संपल्या होत्या. आम्ही विचारलं, "बेटा, लॅपटॉप कुठं ठेवतेस?" मांडीवर, रोज चार-पाच तास.

असे डाग चुलीपुढं बसणाऱ्या आपल्या आज्यांच्या पायांवरही असायचे. चटका बसत नाही, पण रोजच्या मंद शेकानं महिनोन्‌महिने कातडी रंग बदलते. स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी 2010 साली 12 वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर लॅपटॉपमुळं पडलेले असेच डाग नोंदवले. शेक थांबला की बहुतेकांचे डाग हळूहळू फिके होतात. मलम लागत नाही.

लॅपटॉप कोमट होणं हा बिघाड नाही. आतली चिप जी वीज खाते, तिची शेवटी उष्णताच होते. छोटा पंखा ती जाळीतून बाहेर फेकतो. मांडीनं, गोधडीनं ही जाळी बुजते. म्हणून खाली लाकडी पाट घ्या, कूलिंग पॅड विकत आणायची गरज नाही.

पण आपल्याकडं खरी अडचण पत्र्याची आहे. बऱ्याच कंपन्या 35 अंशांपर्यंतच्या हवेतच लॅपटॉप वापरायला सांगतात. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. पंखा गरम हवाच आत ओढणार. मग यंत्र आधी मंद चालतं, नंतर स्वतःला वाचवायला बंद पडतं. पोराला अशी सोय नाही. आपली कातडीही साधारण 35 अंशांचीच. हवा त्याहून तापली की फक्त घामच शरीर थंड करतो. म्हणून दुपारी लॅपटॉप बंद पडला तर आधी पोराकडं बघा. डोकं दुखतं, मळमळतं, लघवी कमी झाली? सावलीत न्या, ओआरएस पाजा, अंग ओल्या फडक्यानं पुसा. बरळायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा.

परीक्षेचा अभ्यास पहाटे करा. दुपारी विहाराचा स्लॅबचा हॉल मुलांसाठी उघडा ठेवावा, हे आम्ही प्रत्येक समितीला सांगतो. काही ठिकाणी अजून कुलूपच असतं.

आणि लॅपटॉप खालून फुगलेला दिसला तर बॅटरी गेली समजा. चार्जिंगला लावू नका, दुरुस्तीवाल्याकडं न्या.