डिसेंबरातली तूट

लहान महाविद्यालयाचे अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने तयार होते. गेल्या वर्षीचा तक्ता समोर घ्यायचा, प्रत्येक लेखाशीर्षावर थोडी वाढ धरायची, जमा-खर्च जुळवायचा आणि संस्थेच्या सभेत मंजुरी घ्यायची. चांगल्या वर्षांत हे खपून जाते. मंदी आली की हीच पद्धत उलटी चालते आणि प्रत्येक शीर्षातून सरसकट दहा टक्के कापले जातात. सगळ्यांना सारखीच झळ बसली, कोणावर अन्याय झाला नाही, असे वाटते. पण मंदीत अशा महाविद्यालयाला जी अडचण येते ती बहुतांशी पैसा कधी येतो याची असते, आणि सरसकट कपात त्या अडचणीला हातच घालत नाही. उलट जिथे कापायला नको, नेमकी तिथेच कात्री चालते.

तालुक्याच्या गावातले कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालय डोळ्यांसमोर आणा. एकाच इमारतीत दोन संसार चालतात. जुन्या अनुदानित तुकड्यांच्या मंजूर पदांचे वेतन सरकार देते. बीसीए, बीबीए किंवा वाढीव बीकॉमसारख्या विनाअनुदानित तुकड्या मात्र फक्त शुल्कावर उभ्या असतात. मंदीचा पहिला फटका या दुसऱ्या संसाराला बसतो, कारण हात आखडला की पालक स्वस्त पर्यायाकडे वळतात. करोनाकाळात शाळांच्या बाबतीत हे स्पष्ट दिसले. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात खासगी शाळांतल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३२.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये २४.४ टक्क्यांवर आले. महाविद्यालयातही अनुदानित तुकडीत जागा मिळाली तर विनाअनुदानित तुकडीचे शुल्क भरायला पालक सहजी तयार होत नाहीत. सरकारकडे पाहावे, तर तिकडेही हात आखडलेला असतो. ४ मे २०२० रोजी राज्याच्या वित्त विभागाने बहुतेक योजनांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे सांगितले आणि नवी पदभरती थांबवली. अनुदानित पदावरचा प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचे तासही मग संस्थेच्या खिशातून, तासिका तत्त्वावर चालवावे लागतात.

आता आकडे मांडून पाहू. समजा, विनाअनुदानित विभागात यंदा १३० विद्यार्थी येतील आणि प्रत्येकाचे शुल्क २५,००० रुपये आहे. वर्षाची जमा झाली साडेबत्तीस लाख. शिक्षक, कर्मचारी, वीज, प्रयोगशाळा, संलग्नीकरण असा सगळा खर्च महिना दोन लाख चाळीस हजार धरला तर वर्षाचे होतात २८ लाख ८० हजार. कागदावर ३ लाख ७० हजारांची शिल्लक दिसते आणि सभेत ठराव मंजूर होतो. पण यातले निम्मे, म्हणजे ६५ विद्यार्थी शिष्यवृत्तीधारक आहेत. त्यांच्याकडून प्रवेशावेळी शुल्क मागता येत नाही आणि शिष्यवृत्तीची रक्कम बहुधा वर्ष सरत आल्यावर येते. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली, तेव्हापासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि तिथून तो महाविद्यालयात यावा लागतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच आहे, पण महाविद्यालयाच्या वसुलीत एक पायरी वाढली. उरलेल्या ६५ जणांनी अर्धे शुल्क भरले तर हाती येतात ८ लाख १२ हजार ५००. जुलै ते डिसेंबरचा खर्च आहे १४ लाख ४० हजार. म्हणजे वर्षअखेर शिल्लक दाखवणाऱ्या या विभागाला डिसेंबरात सव्वासहा लाखांची तूट आहे. पगार थकतात ते या तुटीपायी. सरसकट दहा टक्के कापले, तर सहा महिन्यांत वाचतील १ लाख ४४ हजार. पावणेपाच लाखांहून मोठे भगदाड तसेच उरेल.

तेही दहा टक्के खरोखर सगळीकडून कापता आले तर. कायम नेमणुकीचे पगार, वीजबिल, विद्यापीठाचे शुल्क कापता येत नाही. मग सगळा भार येतो प्रयोगशाळेवर, ग्रंथालयावर आणि तासिकांवर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट महाग म्हणून मागवले नाही, की प्रत्येकाने ब्यूरेट हातात धरून करायचे अनुमापन एका टेबलावर उरकते. एक जण थेंब सोडतो, वीस जण मागे उभे राहून पाहतात आणि निरीक्षणाचे आकडे सगळ्यांच्या वहीत सारखेच उतरतात. ग्रंथालयात नियतकालिकाची वर्गणी एक वर्ष थांबली की संचात खंड पडतो, आणि तो पुढे भरून निघणे अवघड. तासिकेवरच्या शिक्षकाचे तास कमी केले की तो मिळेल ते दुसरे काम धरतो, आणि पुढच्या जूनमध्ये तसा माणूस मिळत नाही. म्हणून कपात करायची तर प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारावा: हा वर्षभर थांबला तर पुढच्या वर्षी जसाच्या तसा करता येईल का? रंगरंगोटी, प्रवेशद्वाराची कमान, फर्निचर, सभागृहाचे छत गळत नसेल तर त्याची दुरुस्ती, हे सगळे थांबू शकते. थेंब न सोडता पदवी घेतलेला मुलगा पुन्हा प्रयोगशाळेत येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मग शुल्कच वाढवावे. पण ज्या वर्षी पालकांचे उत्पन्न घटले आहे, त्याच वर्षी शुल्क वाढवले तर १३० चे ११० होतील आणि जमा आणखी घटेल. त्यापेक्षा हप्ते पाडून द्यावेत. हप्ते बुडतात हा अनुभव खोटा नाही. मात्र पहिल्या वर्षीच शिक्षण सोडणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर पुढच्या दोन वर्षांचे ५०,००० रुपयेही जातात, हे त्या बुडालेल्या हप्त्याशेजारी मांडून पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा व शिका’ योजना रुजवली, ती ग्रंथालयात आणि कार्यालयात आजही उपयोगी पडू शकते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शिक्षणसंस्था नफ्यासाठी नसते, मग तिने शिल्लक का साठवावी? याचे उत्तर कायद्यातच आहे. उत्पन्नाचे ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करणाऱ्या धर्मादाय न्यासाला उरलेले १५ टक्के राखून ठेवायला आयकर कायद्याची हरकत नाही. वरच्या उदाहरणातली ३ लाख ७० हजारांची शिल्लक दोन वर्षे हात न लावता ठेवली, तर डिसेंबरची तूट कर्जाशिवाय भरून निघते आणि मार्चनंतर शिष्यवृत्ती आली की ती रक्कम परत जागेवर ठेवता येते. अनेक संस्थांत ही शिल्लक दुसऱ्या शाखेच्या बांधकामात जाते. इमारत उभी राहते हे खरे, पण मंदीच्या वर्षी पगाराला इमारत कामी येत नाही. राखीव निधीचे खाते वेगळे असावे आणि त्यातून पैसे काढायला ठराव लागावा, एवढी शिस्त मला अत्यावश्यक वाटते.

महिनावार तक्ता करायला लहान महाविद्यालयात माणूस कुठे आहे, असेही विचारले जाईल. लागतात बारा रकाने आणि गेल्या तीन वर्षांची पावतीपुस्तके. कोणत्या महिन्यात किती शुल्क आले, शिष्यवृत्तीचा हप्ता कधी जमा झाला, हे कार्यालयात नोंदलेलेच असते. प्रवेशाचा आकडा मात्र आशेवर धरू नये. २०२४ मध्ये बीबीए, बीसीएला सीईटी लागू झाली, तेव्हा ती त्याच वर्षी दुसऱ्यांदा घ्यावी लागली आणि तरीही मोठ्या संख्येने जागा रिकाम्या राहिल्या. मंजूर जागांवर जमा धरणाऱ्यांचे त्या वर्षीचे अंदाजपत्रक जुलैतच कोसळले असणार.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे अंदाजपत्रक तयार करून ते व्यवस्थापनाकडे पाठवण्याचे काम महाविद्यालय विकास समितीचे आहे. तिच्यात शिक्षक आहेत, शिक्षकेतर कर्मचारी आहे, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही आहेत, आणि तिने वर्षातून किमान चार वेळा भेटायचे आहे. प्राचार्यांनो, त्यातल्या पहिल्याच बैठकीत बारा रकान्यांचा तो तक्ता या सगळ्यांच्या हाती द्या आणि डिसेंबरच्या रकान्यावर बोट ठेवून चर्चा सुरू करा.