दिवाळीच्या सुट्टीत डोंगरावर गोल्फ? आधी पाऊस बघा

पापनाशमच्या चहूबाजूंना सपाट भातशेती. गोल्फ खेळायचा, तोही डोंगरउतारावर, तर गाडी काढावी लागते. तंजावर, तिरुची, दिंडिगल करत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास गेलात की कोडाईकनाल येतं. तिथला गोल्फ क्लब 1895 सालचा. उंची सुमारे 7,000 फूट, सभोवती झाडी आणि मैदानाजवळच ग्रीन व्हॅलीचा कडा. घरात कुणाला या खेळाची आवड असेल, तर सहलीचा बेत ठरलाच म्हणून समजा. फक्त महिना नीट निवडा.

शरद तिकडचा आणि इकडचा

पुण्यातले नातेवाईक सांगतील, "कोजागिरीच्या सुमारास या, आकाश कसं स्वच्छ असतं!" त्यांचं खरं आहे. सह्याद्रीत तोवर पाऊस ओसरतो. तमिळनाडूत मात्र नेमका उलटा प्रकार. साधारण 20 ऑक्टोबरला ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. म्हणजे मुलांना दिवाळीची सुट्टी लागते तेव्हाच घाटात धुकं, दरडी आणि दुपारची गडगडाटी वादळं असतात. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीचे दिवस बघा, नाहीतर सरळ पोंगलनंतर जा. सुट्टी दिवाळीचीच असेल, तर खेळ सकाळी उरका आणि एक दिवस हाताशी जास्त ठेवा.

विजेशी खेळ नको

उघडं मैदान, उंच जागा आणि हातात धातूची काठी. विजेच्या वेळी यापेक्षा धोक्याची स्थिती नाही. ढगांचा आवाज कानावर आला की खेळ थांबवा. झाडाखाली उभे राहू नका. क्लबच्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका. "डाव अर्धवट राहिला तर?" ही काळजी सोडा. विजेचा धोका वाटला तर खेळाडूला खेळ थांबवता येतो, नियमांत त्याची मुभा आहे.

डोंगरावर चेंडू वेगळा वागतो

7,000 फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक पंचमांश विरळ असते. त्यामुळे चेंडू हवेत लांब जातो. पण पावसाने गवत ओलं असलं तर पडल्यावर फारसा घरंगळत नाही. चढावर मारताना अंतर जास्त धरा, उतारावर कमी. ग्रीनवर उभं राहिल्यावर आधी मोठा डोंगर कुठे आहे ते बघा. चेंडू बहुतेक वेळा डोंगराकडून दरीकडे वळतो, डोळ्यांना जमीन सपाट वाटली तरी! आणि चेंडू साचलेल्या पाण्यात पडला तर दंड न लागता बाहेर काढून खेळता येतो.

निघण्यापूर्वी

• मे 2024 पासून कोडाईकनाल आणि निलगिरीत वाहनांसाठी ई-पास सक्तीचा झाला आहे. निघण्याआधी सध्याचा नियम बघून पास काढून ठेवा.

• पाहुण्यांना कोणत्या दिवशी खेळता येतं, शुल्क किती, काठ्या भाड्याने मिळतात का, पोशाखाचे नियम काय, हे क्लबला फोन करून विचारा.

• स्वेटर, रेनकोट, जादा मोजे आणि हात पुसायला टॉवेल घ्या. ओल्या हातातून काठी निसटते.

• कॅडीचं ऐका. कुठला उतार फसवा, कुठे पाणी साचतं, हे त्याला पाठ असतं.

• मैदानावर गवे चरायला येतात. दिसायला शांत असले तरी जवळ जाऊन फोटो काढू नका. चेंडू त्यांच्या पायाशी गेला तर तो तिथेच राहू द्या.

खेळणारा घरात एकटाच असेल, तर बाकीच्यांना चार तास हॉटेलात बसवू नका. सकाळी तो मैदानावर, बाकी मंडळी तळ्याकाठी, आणि दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र. असं केलंत तर पुढच्या वर्षी "पुन्हा कोडाई?" असं नाक मुरडत कुणी विचारणार नाही.