व्हीसीआर आणि कॅसेटची यादी

व्हीएचएस कॅसेटमधील फीत अर्धा इंच रुंद असते. ‘ई-१८०’ छापलेल्या कॅसेटवर नेहमीच्या वेगाने तीन तासांचे चित्रण मावते आणि एलपी (लाँग प्ले) या निम्म्या वेगाने सहा तासांचे, पण तेव्हा चित्राची स्पष्टता घटते. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी ‘रामायण’ लागू लागले. एक भाग सुमारे पस्तीस मिनिटांचा असल्याने एका कॅसेटवर पाच भाग बसत. त्यातला नेमका तिसरा भाग शोधायचा, तर खरी अडचण सुरू होई.

स्वस्त व्हीसीआरवर त्यासाठी फक्त चार आकडी काउंटर असे. हा काउंटर वेळ मोजत नाही, तर फीत गुंडाळणाऱ्या चकतीचे फेरे मोजतो. सुरुवातीला चकतीवर फीत थोडी असल्याने ती भराभर फिरते, पुढे फीत जमली की मंदावते. त्यामुळे पहिल्या तासात आकडे झपाट्याने चढतात आणि तिसऱ्या तासात रेंगाळतात. त्यातच बऱ्याच यंत्रांवर कॅसेट बाहेर काढून परत घातली की आकडा शून्यावर येतो. वहीत ‘१४५० पासून भाग तिसरा’ असे लिहिलेले असले, तरी कॅसेट आधी पूर्ण रिवाइंड केल्याशिवाय त्या नोंदीचा काही उपयोग नसे.

पुढे इंडेक्स सर्चची सोय आली. फितीच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो आणि पाल या दूरचित्रवाणी पद्धतीत त्यावर सेकंदाला पंचवीस स्पंदने नोंदली जातात. रेकॉर्डिंग सुरू होताच यंत्र काही क्षण या स्पंदनांची रुंदी बदलते, तीच खूण. फीत वेगाने पळवताना यंत्र ही खूण ओळखून थांबते. मात्र जाहिराती वगळण्यासाठी पॉझऐवजी स्टॉप दाबले, की प्रत्येक वेळी नवी खूण उमटते आणि पाच भागांच्या पंधरा खुणा होतात. शिवाय खूण म्हणजे नाव नव्हे. इथे काहीतरी सुरू होते, एवढेच ती सांगते.

नाव नोंदवण्याची सोय काही यंत्रांत नंतर आली. प्रत्येक कॅसेटला क्रमांक मिळे आणि तिच्यावरील कार्यक्रमांची यादी यंत्राच्या स्मृतीत राही. कॅसेट आत घातली की यादी पडद्यावर दिसे. ही सोय दिसायला देखणी, पण तिची मेख अशी की यादी यंत्रात आणि फीत कपाटात. शेजाऱ्याच्या यंत्राला ती कॅसेट अनोळखीच, आणि आपले यंत्र बिघडले की यादीही गेली. सोनीच्या ‘स्मार्ट फाइल’मध्ये लेबलातच चिप बसवून यादी कॅसेटसोबत ठेवली होती. उपाय योग्य होता, पण तोवर डीव्हीडी दारात उभी होती.

या सगळ्यांपेक्षा कॅसेटच्या पाठीवरची बॉलपेनची अक्षरेच जास्त टिकली. त्यांच्या जोडीला एक साधी युक्ती होती: जपायच्या कॅसेटचा मागचा प्लॅस्टिकचा टॅब मोडून टाकायचा. मग चुकूनही तिच्यावर दुसरे रेकॉर्डिंग होत नाही. पुन्हा वापरायची झाल्यास भोकावर सेलोटेप लावली की काम भागते. ‘हळद व लग्न’ लिहिलेल्या कॅसेटवर क्रिकेटचा सामना चढण्याचे प्रसंग घरोघरी ऐकायला मिळतात, ते हा टॅब न मोडल्यामुळेच.

कॅसेट जपण्याची गरज कुठे जास्त असते, याचे एक उदाहरण पाहा: नायगावच्या पूर्वेला असलेले वसई तालुक्यातील जूचंद्र रांगोळीकारांचे आणि चंडिका देवीचे गाव म्हणून ओळखले जाते. अशा गावातल्या घरी लग्नाची, उत्सवाची किंवा रांगोळीची कॅसेट असेल, तर तिची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. त्यात खाडी, मिठागरे आणि कोकणचा पावसाळा. बंद कपाटात फितीवर पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढरे ठिपके दिसले, तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. कॅसेट पुस्तकासारखी उभी ठेवावी आणि एका टोकापर्यंत पूर्ण गुंडाळलेली असावी.

नव्या व्हीसीआरचे उत्पादन शेवटपर्यंत करणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये ते थांबवले. म्हणून जुने चालू यंत्र हाताशी असेतोवरच कॅसेटचे संगणकावर रूपांतर करून घेणे शहाणपणाचे ठरते. रूपांतर होते तेही चित्रणाच्याच वेगाने, तीन तासांच्या कॅसेटला तीन तास. त्यामुळे आधी पाठीवरची अक्षरे वाचून कोणती कॅसेट पहिली लावायची ते ठरवावे लागते. नव्या फाइलला नाव देतानाही पाठीवर लिहिलेला मजकूरच कामी येतो, कारण इंडेक्सच्या खुणा संगणकावर उतरत नाहीत.