अप्पर-डिप्परचा स्वयंचलित कारभार
अमेरिकेतील पिकअप ट्रकांच्या काचेमागे, आरशाच्या बुडाशी बसविलेला कॅमेरा समोरून येणारे दिवे व पुढच्या गाडीचे तांबडे दिवे हेरून अप्पर आपोआप उतरवितो. ही कल्पना जुनीच असून, जनरल मोटर्सने १९५२ साली ‘ऑट्रॉनिक आय’ या नावाने ती आपल्या मोटारींत आणली होती. परंतु चढाच्या माथ्यापलीकडून येणाऱ्या गाडीचा उजेड आभाळात फाकलेला जागरूक चालकास आधीच जाणवतो, तरी प्रत्यक्ष दिवे नजरेच्या टप्प्यात येईपर्यंत यंत्र तिची दखल घेत नाही, आणि काळोखातून चालणाऱ्या बिचाऱ्या पादचाऱ्याची तर साध्या प्रणालीत गणतीच नसते. उलटपक्षी, निर्मनुष्य रस्त्यावरचा चकाकता दिशाफलक ट्रकच्याच प्रकाशाने उजळला, की त्यासच वाहन समजून झोत खाली येतो, व फलक मागे पडताच पुन्हा चढतो. पिकअपची खरी अडचण मात्र निराळी आहे: दिवे मुळातच उंच, त्यात हौद्यात माल भरला की नाक वर उचलले जाऊन डिप्परही समोरच्याच्या डोळ्यांवर येतो, आणि त्यावर कॅमेऱ्यापाशी इलाज नाही. समोरच्या वाहनापुरताच झोत झाकणाऱ्या दिव्यांना अमेरिकी सरकारने मुभा दिली, ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. फार उशिराच म्हणावयाची.