समुपदेशकाच्या खोलीत देवाचे काय काम?

घरातील एखादी व्यक्ती एकाएकी बोलेनाशी झाली, रात्र रात्र जागू लागली किंवा आपल्यावर कोणी पाळत ठेवून आहे असे सांगू लागली, तर मराठी कुटुंब सर्वप्रथम कुठे जाते? बहुधा पत्रिका दाखवली जाते. त्यात साडेसाती निघते, पितृदोष निघतो, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करण्याचे ठरते. कुळाचार राहून गेला होता का, याची गावाकडच्या थोरल्या काकूंकडे चौकशी होते. कोणी देवऋषी सुचवतो, कोणी गाणगापूर, तर कोणी दर्ग्याचा ताईत आणून देतो. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव या यादीत अनेकदा शेवटी येते आणि शहरातील सुशिक्षित घरेही याला अपवाद नाहीत.

याचा सगळा दोष श्रद्धेच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के आढळले होते. तज्ज्ञांची टंचाई, खर्च आणि ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती यांचा त्यात मोठा वाटा आहे. देवस्थान मात्र जवळ असते, तिथे आगाऊ वेळ घ्यावी लागत नाही आणि तिथे गेल्याने कोणी वेडा ठरत नाही.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. देवस्थाने करून झाल्यावर हाच माणूस जेव्हा समुपदेशकासमोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेचे काय करायचे? ‘देवीने स्वप्नात येऊन सांगितले’ हे वाक्य ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर किंचित जरी हसू उमटले, तरी तो माणूस पुढच्या वेळी ते बोलणार नाही. कदाचित पुन्हा येणारही नाही. उलट टोकाला काही समुपदेशक स्वतःच जप लिहून देतात, गुरुवार करायला सांगतात. पहिला प्रकार रुग्णाचे तोंड बंद करतो, दुसरा त्याच्या अगतिकतेचा फायदा घेतो. या दोहोंच्या मधली वाट आहे आणि तिची सुरुवात एका साध्या चौकशीने होते. तुमची श्रद्धा कशावर आहे, आणि या आजारपणात तिचा आधार वाटतो की धाक? पहिल्या एक-दोन भेटींत झोप, भूक, व्यसन यांची चौकशी होते, तशीच ही व्हायला हवी.

एलिस यांचे मतपरिवर्तन

मानसशास्त्र आणि धर्म यांचे नाते सुरुवातीपासून ताणलेले राहिले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द फ्यूचर ऑफ ॲन इल्युजन’ या पुस्तकात धर्माची गणना मानवी इच्छांतून जन्मलेल्या भ्रमांत केली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांच्या प्रशिक्षणावर या दृष्टीचा ठसा राहिला. महाराष्ट्रात मात्र फ्रॉइडपेक्षा अल्बर्ट एलिस अधिक परिचित आहेत. त्यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, म्हणजेच ‘आरईबीटी’, इथे अनेक समुपदेशक वापरतात. घटना आपल्याला दुःख देत नाही, घटनेविषयीचा आपला दुराग्रही विचार दुःख देतो, हे तिचे सूत्र एलिस यांनी प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञांकडून घेतले होते.

एलिस स्वतः नास्तिक होते. १९८० मध्ये ॲलन बर्गिन या मानसशास्त्रज्ञाने धार्मिक मूल्यांना उपचारात स्थान देण्याची बाजू मांडली, तेव्हा एलिस यांनी कडवी धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य यांना एकाच पंक्तीत बसवणारे उत्तर दिले. पण पुढे त्यांनी ही भूमिका सौम्य केली. धार्मिक व्यक्तींच्या समुपदेशनासाठी आरईबीटी कशी वापरावी, यावरील २००१ च्या पुस्तकाचे ते एक सहलेखक आहेत. माणसाला अडवतो तो देव नसून ‘असेच झाले पाहिजे’ हा अट्टहास होय, आणि असा अट्टहास आस्तिकाकडे असतो तसा नास्तिकाकडेही, या निष्कर्षाला ते आले.

मराठी माणसाला हे समजणे जड जाऊ नये. स्वतःच्या मनाला समोर बसवून चार गोष्टी सांगण्याची रीत ‘मनाच्या श्लोकां’मुळे घराघरांत लहानपणापासून माहीत असते. ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आरईबीटी आणि भारतीय तत्त्वविचार यांची सांगड आपल्या लेखनातून व व्याख्यानांतून घातली आहे. जागतिक पातळीवर हा विचार मान्य व्हायला वेळ लागला. जागतिक मानसोपचार संघटनेने २०१६ मध्ये आपले निवेदन प्रसिद्ध केले. रुग्णाच्या धार्मिक व आध्यात्मिक धारणांची नोंद घ्यावी, त्यांचा आदर करावा. मात्र उपचारकर्त्याने स्वतःच्या श्रद्धेचा वा अश्रद्धेचा प्रचार करू नये, असा त्याचा आशय आहे.

आधार की धाक?

श्रद्धा असणे चांगले की वाईट, हा वाद उपचाराच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही. केनेथ पार्गमेंट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो निराळ्या प्रकारे मांडला. संकटात काही जण देवाला सोबती मानतात, काही जण देवाने टाकून दिले असे समजतात. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्कर रुग्णांचा मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देवाने आपल्याला सोडले, देवाचे आपल्यावर प्रेम नाही, अशा विचारांशी झगडणाऱ्या रुग्णांत पुढील दोन वर्षांतील मृत्यूचा धोका अधिक दिसला. प्रकृतीचे व मनःस्थितीचे इतर घटक विचारात घेऊनही तो अधिकच होता. अभ्यास अमेरिकेतला आहे, तिथले रुग्ण प्रामुख्याने ख्रिस्ती. त्यामुळे तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येत नाही. परंतु ‘माझेच प्रारब्ध खोटे’, ‘मागच्या जन्मीचे पाप फेडते आहे’ ही वाक्ये ज्यांच्या कानावर येतात, त्यांना त्यातले मर्म कळेल. प्रारब्ध हा शब्द एखाद्या विधवेला दुःख सोसण्याचे बळ देतो आणि तोच शब्द नैराश्याच्या रुग्णाला गोळी नाकारण्याचे कारणही पुरवतो. शब्द एकच; तो कोणते काम करतो, हे विचारल्याशिवाय समजत नाही.

मंत्रचळाचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठीत हा शब्द फार जुना आहे आणि आज ज्याला ‘ओसीडी’ म्हणतात त्या विकाराशी तो पुष्कळ जुळतो. समजा, एखाद्या गृहिणीला पूजेपूर्वी हात वीस वेळा धुतल्याशिवाय चैन पडत नाही, आरती म्हणताना मनात अभद्र विचार आला म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते आणि सकाळची पूजा दुपारपर्यंत लांबते. घरचे लोक प्रारंभी तिच्या सोवळ्याचे कौतुक करतात. मुस्लिम घरात हेच वुजूच्या बाबतीत घडते आणि मनातील शंकेच्या या फेऱ्याला तिथे ‘वस्वसा’ हा जुना शब्द आहे. यावरचा मान्य उपचार म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि धुण्याची कृती रोखून धरणे. पण नेमकी तीच कृती रुग्णाला पाप वाटते. ‘हे सगळे सोडून द्या’ असे म्हणणारा समुपदेशक इथे हरतो. तुमचा धर्म किती वेळा हात धुवायला सांगतो, हे तुमच्याच गुरुजींना विचारू या, असे म्हणणाऱ्याला वाट सापडण्याची शक्यता अधिक. वीस वेळा धुवा असे सांगणारा पुरोहित सहसा आढळत नाही, आणि वस्वशाकडे दुर्लक्ष करावे असे तर इस्लामी परंपराच सांगते. श्रद्धा आणि विकार यांच्यात रेषा ओढण्याचे काम अशा वेळी धर्माकडूनच करून घेता येते.

फलटणचा अनुभव

देवस्थानात नेमके काय घडते, याचा अभ्यास महाराष्ट्रातही झाला आहे. महानुभावांची ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फलटणमध्ये व्हिडा स्कल्टन्स या ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ महिलेने पंथाच्या एका मंदिरातील मनोरुग्णांचे व त्यांच्या नातलगांचे निरीक्षण केले आणि १९८७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांना आढळलेली गोष्ट चटका लावणारी आहे. तिथे अंगात येत होते ते प्रामुख्याने रुग्णाच्या नव्हे, तर त्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईच्या. मुलाची, नवऱ्याची पीडा आपल्या अंगावर यावी आणि ते बरे व्हावेत, यासाठी या स्त्रिया अंगात येण्याची प्रार्थना करत. आजार एकट्याचा न राहता साऱ्या घराचा मानला जाई आणि त्याचा सर्वांत जड भार बाईने स्वखुशीने उचललेला असे.

आपल्या रुग्णालयांत केसपेपर रुग्णाच्या नावाने निघतो. सोबत आलेल्या आईची प्रकृती विचारण्याची रीत नाही. देवळाला ती आई दिसली, हे मान्य करावे लागेल. मात्र मुलाचा आजार आपल्या त्यागाने बरा झाला नाही, तर तो त्यागच अपुरा पडला, असा सल तिच्या मनात राहू शकतो. समुपदेशकाने हात घालायला हवा तो इथे.

तमिळनाडूतील वेलायुथमपलयमपुदूर येथील मुथुस्वामी मंदिरात राहणाऱ्या ३१ मनोरुग्णांचा ‘निम्हान्स’च्या रघुराम व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. सुमारे सहा आठवड्यांच्या सरासरी मुक्कामानंतर लक्षणांची तीव्रता जवळपास २० टक्क्यांनी उतरलेली दिसली. तिथे खास विधी नव्हते. सकाळची छोटी पूजा, झाडलोट, बागकाम आणि कोणी हाकलून न देणे एवढेच होते. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने याला देवाचा चमत्कार म्हणता येत नाही, औषधांना पर्याय तर नाहीच.

त्याच तमिळनाडूत ६ ऑगस्ट २००१ रोजी एरवाडी येथील दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले असल्याने त्यांना पळता आले नाही. २८ जणांचा बळी गेला. श्रद्धेचा आदर करा, असे म्हणताना एरवाडी विसरून चालत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने वा साखळदंडाने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे असून त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. समुपदेशकाला रुग्णाच्या अंगावर वळ दिसले, तर तो श्रद्धेचा विषय उरत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळण्याचा एक प्रयत्न गुजरातमध्ये झाला. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या नावाने मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण मुजावरांना देण्यात आले. दुआ मागा आणि औषधही घ्या, असे मुजावरानेच सांगितले की भाविकाला दोहोंपैकी एक निवडावे लागत नाही. आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांकडे येणारी गर्दी पाहता, असा उपक्रम इथे रुजायला हरकत नसावी.

कृष्ण होण्याचा मोह

परिसंवादांत हमखास ऐकू येणारे एक विधान म्हणजे, भगवद्गीता हे जगातले पहिले समुपदेशन. अर्जुनाचा विषाद आणि त्यावरचा संवाद ही उपमा आकर्षक आहे खरी; पण त्यात एक अडचण आहे. अर्जुनाने लढले पाहिजे, हे श्रीकृष्णाला आधीच माहीत आहे. समुपदेशकाला तसे काही माहीत नसते आणि नसावेही. नीट विचार करून तुला हवे ते कर, असे अठराव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतो. उपमा द्यायचीच, तर ती या जागेची द्यावी.

शिवाय समोरचा अशील गीता मानणाराच असेल असे थोडेच आहे? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ प्रतिज्ञांसह धम्मदीक्षा दिली. त्या परंपरेत वाढलेल्या तरुणीला ‘कुलदैवताला जाऊन या’ असा सल्ला मिळाला, तर तिच्या पिढ्यांनी जाणीवपूर्वक सोडलेली गोष्ट तिच्यावर पुन्हा लादल्यासारखे होईल. नास्तिकालाही हेच लागू आहे. आडनावावरून श्रद्धा ताडू नये.

प्रकृतीला थेट भिडणाऱ्या काही बाबी मात्र विचारायलाच हव्यात. निर्जळी उपवास किंवा रमजानचे रोजे करणारा रुग्ण लिथियम घेत असेल, तर शरीरातील पाणी कमी होऊन रक्तातील औषधाची पातळी धोक्याच्या मर्यादेपर्यंत चढू शकते. उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून वेळा व मात्रा ठरवाव्यात. परस्पर औषध बंद करणे हा त्याहून मोठा धोका. ध्यानाचेही तसेच. इगतपुरीच्या धम्मगिरीसह विपश्यना केंद्रांचे दहा दिवसांचे शिबिर गंभीर मनोविकार असलेल्यांनी करू नये, असे केंद्रांची नियमावलीच सुचवते. ‘मन शांत होईल, जाऊन ये’ असे म्हणत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तिथे धाडणाऱ्या नातलगांनी ती आधी वाचावी.

समुपदेशक निवडताना त्याचे शिक्षण आणि नोंदणी विचारावी. त्याचा धर्म विचारण्याची गरज नाही. त्याला तुमच्या कीर्तनकारांशी, मौलवींशी वा चर्चमधील फादरांशी बोलायचे असेल, तर त्याने आधी तुमची परवानगी घेतली पाहिजे. पूजा, अनुष्ठान किंवा ताईत यांचे वेगळे पैसे मागितले गेले, तर तिथून उठावे. तज्ज्ञ जवळ नसल्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते.