रिपोर्ट नॉर्मल, पण खुर्चीतून उठता येईना! म्हातारपणी एकाच वेळी अनेक आजार असले की शरीरात नेमकं काय होतं?

आमच्या आजीची फाईल म्हणजे साडीच्या दुकानातली जाड पिशवी आहे. त्यात 11 वर्षांचे कागद आहेत. शुगर, बीपी, थायरॉइड, गुडघ्यांचे एक्स-रे, मोतीबिंदूचं ऑपरेशन. गेल्या वर्षी तिला तपासणीला घेऊन गेलो. शुगर आटोक्यात, बीपी ठीक, थायरॉइडही ठीक. डॉक्टर म्हणाले, "छान आहे सगळं, याच गोळ्या चालू ठेवा."

बाहेर आल्यावर बाकड्यावरून उठायला तिला आम्हा दोघांचे हात धरावे लागले. ही गोष्ट एकाही रिपोर्टमध्ये नव्हती.

घरी येऊन आठवायला बसलो, तर वर्षभरात बरंच काही सुटलेलं होतं. आधी ती देवापुढे पाटावर बसायची बंद झाली. मग कोपऱ्यावरून भाजी आणणं थांबलं. मग "एसटीची पायरी उंच असते" म्हणून बहिणीकडे जाणं गेलं. दरवेळी आम्ही म्हणालो, वय झालं. आणि पुढच्या कामाला लागलो.

आजार किती, यापेक्षा काय जमतं ते बघा

एकाच माणसाला दोन किंवा त्याहून जास्त दीर्घकालीन आजार असतील तर डॉक्टर त्याला मल्टिमॉर्बिडिटी म्हणतात. आपल्याकडे हे किती आहे? 2017-18 मध्ये मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली. देशभरातले 45 वर्षांपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार असे मिळून 72 हजारांहून जास्त लोक त्यात होते. साठीच्या पुढच्या साधारण दर चारपैकी एकाला असे एकाहून जास्त आजार असल्याचं त्यात दिसलं. अंघोळ, कपडे घालणं, चालणं, अंथरुणातून उठणं यांपैकी एका तरी कामात अडचण येते, असं सांगणारेही जवळपास तितकेच होते.

पण आजार मोजून माणसाचं खरं चित्र कळत नाही. आषाढी वारीत चालणाऱ्या सत्तरीच्या मावशींच्या पिशवीतही बीपीची आणि शुगरची गोळी असते. तेच दोन आजार असलेली दुसरी बाई रात्री बाथरूमपर्यंत एकटी जाऊ शकत नाही. फरक आहे तो शरीराच्या कार्यक्षमतेचा.

ही मोजायची पद्धत जुनीच आहे. 1963 मध्ये सिडनी कॅट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी सहा कामांची यादी मांडली: अंघोळ, कपडे, संडासला जाणं, उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. 1969 मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्याच्या वरच्या पायरीची यादी केली. त्यात फोन, खरेदी, स्वयंपाक, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार आले. (आज त्यात ओटीपी जोडायला हरकत नाही.) साधारणपणे या दुसऱ्या यादीतली कामं आधी सुटतात, पहिलीतली नंतर. म्हणजे आजीने भाजी आणणं सोडलं, तो इशारा होता. आम्ही त्याला तिची हौस संपली असं समजलो.

आजार एकमेकांना कसे हात देतात?

समजा, कुणाला मधुमेह आणि संधिवात दोन्ही आहेत. गुडघा दुखतो म्हणून चालणं कमी होतं. चालणं कमी झालं की शुगर वाढते, वजन वाढतं, गुडघ्यावरचा भार वाढतो. बरीच वर्षं शुगर असेल तर पायाच्या नसा अधू होतात आणि तळव्याला जमीन नीट कळत नाही. त्यात नजर कमी झालेली. मग एकदा तोल जातो. पडली नाही तरी भीती बसते आणि चालणं अजून कमी होतं. यातला एकही आजार स्वतंत्रपणे 'गंभीर' नसतो. म्हणून तर रिपोर्ट नॉर्मल येतात.

यात गोळ्यांचाही वाटा असतो. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक बीपी वाढवू शकते, मूत्रपिंडावर ताण आणू शकते. बीपीच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. ती सूज नवा आजार समजून लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. मग रात्री तीनदा उठणं, अंधारात बाथरूम, ओली फरशी. पुढचं सांगायला नको.

2005 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक डोळे उघडणारा प्रयोग कागदावर केला. त्यांनी 79 वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली. तिला बीपी, मधुमेह, संधिवात, हाडांची ठिसूळता आणि फुप्फुसाचा जुना आजार, असे पाच आजार दिले आणि प्रत्येकाची अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळली. हिशोब निघाला 12 औषधांचा. दिवसातून 5 वेळा मिळून 19 डोस. प्रत्येक तत्त्व आपापल्या जागी बरोबर होतं. पण घ्यायला बाई एकच होती ना!

(हे वाचून घरातल्या कुणाची गोळी परस्पर बंद करू नका. सगळ्या गोळ्या, मेडिकलमधल्या आणि आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि यातली कुठली कमी करता येईल, ते विचारा.)

"आजी, तू बस गं"

हा भाग लिहायला मला जड जातंय, कारण यात आम्ही घरचेच दोषी आहोत. ती उठली की कुणीतरी म्हणायचं, तू बस. पाणी हातात, ताट हातात. यात प्रेमच होतं, पण स्नायूंना प्रेम कळत नाही, त्यांना काम लागतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी लोकांना फक्त 10 दिवस अंथरुणात ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेले. ही माणसं आजारीही नव्हती. मग तापाने किंवा ऑपरेशनने पंधरा दिवस पडून राहिलेल्या सत्तरीच्या माणसाचं काय होत असेल?

गेलेली ताकद परत येते का? बरीचशी येते, आणि कुठल्याही वयात. 1990 मध्ये बोस्टनमध्ये मारिया फियातारोन यांनी नर्सिंग होममधल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांकडून आठ आठवडे पायाचे वजनी व्यायाम करून घेतले. पूर्ण करणाऱ्यांच्या पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि दोघांची काठी सुटली. गट छोटा होता, मान्य. पण 2014 मधला 'लाइफ' अभ्यास 1,635 जणांवर झाला, सगळे 70 ते 89 वर्षांचे. व्यायामाच्या गटात सुमारे 30 टक्के लोकांची 400 मीटर चालण्याची क्षमता गेली. ज्यांना फक्त आरोग्याची माहिती दिली, त्यांच्यात हे प्रमाण 35 टक्क्यांच्या वर होतं. जादू नाही, पण फरक खरा आहे.

घरी बघायची एक चाचणी

साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर, पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्येष्ठांसाठीच्या तपासणीत याला 14 सेकंदांची मर्यादा आहे. जास्त वेळ लागला किंवा जमलंच नाही, तर पुढची तपासणी हवी. शेजारी कुणीतरी उभं राहाच. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा. नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे गेल्यावर बीपी उभं करूनही मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त घसरला, तर पडण्याचा धोका वाढतो. आणि शुगरच्या आकड्यासोबत हेही सांगा: गेल्या सहा महिन्यांत कोणतं काम सुटलं.

सरकारी बाजूचं थोडक्यात सांगायचं, तर 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. पडू नये म्हणून आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला जायचं, तर खर्च खिशातूनच. पडून खुबा मोडला की मात्र योजना आहे. हा क्रम उलटा आहे, असं मला वाटतं. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्या कमी उत्पन्नाच्या लोकांना काठी, वॉकर, चष्मा अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. ज्येष्ठांसाठी 14567 ही हेल्पलाइनही आहे.

आजीला पहिल्यांदा 23 सेकंद लागले होते, तेही एकदा माझा हात धरून. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम ती आता टीव्हीवरच्या मालिकेच्या ब्रेकमध्ये करते, गॅलरीत चकरा मारते, आणि भाजी पुन्हा तिनेच निवडायची असते. परवा 17 वर आली. पाटावर अजून बसत नाही. भाजीवाल्यापर्यंत मात्र गेली, येताना कोथिंबीर महाग दिली म्हणून त्याच्याशी भांडूनही आली.